असीरच्या घाटातलं पांढऱ्या गारगोटीचं गाव

जायचं मी ठरवलं आणि गाडी मुश्ताकची होती. गाव मीच शोधून काढलं होतं, रस्ता मी अभ्यासला होता, कुठल्या पंपावर पेट्रोल भरायचं हेसुद्धा मी ठरवलं होतं. मुश्ताकने फक्त चावी फिरवली. तरीही त्या गावात आज तो राहतो आणि मी हे जुबैलच्या खोलीत बसून लिहितोय.

आधी ओळख सांगतो. मी दिनेश, गुहागरकडचा. बारावी पूर्ण झालेली नाही. जुबैलला एका कंत्राटदाराकडे टाइमकीपर आहे, म्हणजे गेटवर कोण कधी आला आणि कधी गेला ते बघतो. मुश्ताक त्याच कंपनीत स्कॅफोल्डर, म्हणजे परांच्या बांधणारा, माझा रूममेट, दाभोळ खाडीच्या पलीकडचा. गावी राहिलो असतो तर आमची ओळख फेरीबोटीत झाली असती. ती झाली कॅम्पच्या मेसमध्ये, डाळीच्या रांगेत.

सौदी म्हटलं की लोकांना वाळूच दिसते. पण या देशाच्या नैर्ऋत्येला असीर नावाचा डोंगराळ मुलुख आहे. तिथे धुकं असतं, घाट असतात, आणि घाटाच्या पोटात चार-पाच मजली दगडी घरांची जुनी गावं आहेत. रिजाल अल्मा हे त्यातलं प्रसिद्ध गाव. मी सांगतोय ते त्याच्या थोडं पुढचं, आडबाजूचं. नाव देत नाही, कारण आम्ही जिथे उतरलो त्या घरच्या बाईंना गर्दी आवडत नाही. रिजाल अल्मात विचारलंत तर कोणीही हात करून दाखवेल.

हे गाव मला मोबाईलवर सापडलं. सालिम नावाचा आमच्याच वयाचा एक मुलगा आजोबांचं घर दुरुस्त करत होता आणि रोज फोटो टाकत होता. आज एक खिडकी, उद्या एक तुळई. मी प्रत्येक फोटो मोठा करून बघायचो, खालचा अरबी मजकूर भाषांतर करून वाचायचो. असं वर्षभर चाललं. मग एके दिवशी त्याने लिहिलं की घर आता पाहुण्यांसाठी उघडतोय, तिथे राहून घर सांभाळणारा माणूस हवा आहे. माझा करार संपत आला होता. मी त्याला कळवलं की ईदच्या सुट्टीत घर बघायला येतो. ‘बघायला’ एवढंच लिहिलं. त्या एका शब्दावर मी दोन दिवस घालवले होते.

मुश्ताकला मी नोकरीचं काहीच बोललो नाही. त्याला म्हटलं, थंड हवा आहे, मध चांगला मिळतो आणि रस्त्यात माकडं असतात.

“माकडा बघायला चौदाशे किलोमीटर?” तो म्हणाला. “कॅम्पात काय कमी हायत? चल पण.”

रस्ता

जुबैलहून रियाध, तिथून खर्ज, मग सुलय्यिल आणि वादी अद-दवासिर. खर्ज सोडलं की रस्ता इतका सरळ आहे की चालवणाऱ्याला झोप येते, म्हणून शेजारच्याने बोलत राहावं. मी बोलत होतो. असीरच्या घरांबद्दल मला जे जे ठाऊक होतं ते सगळं मी मुश्ताकला सांगितलं: घरं कशी बांधतात, आतल्या भिंती कोण रंगवतं, यमनहून मक्केकडे जाणारे काफिले या बाजूने कसे जायचे. तो “हां, हां” करत कलिंगडाच्या बिया खात होता.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. टाकी अर्धी झाली की भरा, पुढच्या पंपाची वाट बघू नका. संध्याकाळी उंट रस्त्यावर येतात, तेव्हा वेग कमी ठेवा. कॅमेरे तुम्हाला दिसत नाहीत, दंडाचा मेसेज मात्र लगेच दिसतो. वादी अद-दवासिरला मुक्काम केलेला बरा. फर्निश्ड खोल्या स्वस्त असतात, फक्त इकामा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचं कार्ड, जवळ ठेवा, फोटो चालत नाही. शेजारी एक मल्याळी हॉटेल आहे. तिथला पराठा आणि डाळ दोघांना पुरली. मी खोलीची कडी पुन्हा पुन्हा तपासली आणि मुश्ताक पडल्या पडल्या घोरायला लागला. झोपेच्या बाबतीतही मला त्याचा हेवा वाटतो.

दुसऱ्या दिवशी खमीस मुशैत गाठेपर्यंत एसी बंद केला होता. अबहाला काचा खाली केल्या. जुबैलमध्ये काच खाली केली की गंधकाचा वास येतो. इथे ओल्या मातीचा येत होता.

अबहाच्या आसपासची जुनी मातीची घरं आवर्जून बघा. भिंतीतून पातळ, चपट्या दगडांच्या ओळी बाहेर आलेल्या असतात, एकावर एक, खालपर्यंत. पाऊस भिंतीवर न वाहता त्या दगडांवरून बाहेर ठिबकतो आणि माती वाचते. आमच्याकडे झडीचा पाऊस लागू नये म्हणून भिंतींना दरवर्षी झावळ्यांचे झाप बांधतात आणि दरवर्षी काढतात. इथे कोणीतरी एकदाच विचार केला आणि नातवंडांचीसुद्धा सोय झाली. मी गाडी थांबवायला लावून ते बराच वेळ बघितलं. मला कौतुक वाटायला हवं होतं. वाटला तो राग, आपल्याला हे का सुचलं नाही याचा.

पुढे घाट लागतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वळणांवर माकडं बसलेली असतात. एकाने मुश्ताकच्या हातातून केळ्यांचा घड उचलला आणि त्याच्याकडे पाठ करून खाल्ला. मुश्ताकने त्यालाही सलाम केला.

घर

गावात पोहोचलो तेव्हा सालिम दारात उभा होता. हातात रानफुलांचे आणि तुळशीसारख्या वासाच्या पाल्याचे गजरे होते. या बाजूचे पुरुष ते डोक्यावर घालतात. मी चढावर गाडी घसरू नये म्हणून चाकामागे दगड लावत होतो. उठून बघतो तर मुश्ताकने सालिमला मिठी मारलेली आणि गजरा त्याच्या डोक्यावर. मलाही मिळाला, पण दुसरा. सालिमचे फोटो वर्षभर बघत होतो तो मी.

घर फोटोत दिसतं त्याहून उंच आहे. काळपट दगडाच्या भिंती, सांध्यांत चिखल. सिमेंट कुठेच नाही. प्रत्येक खिडकीच्या भोवती आणि वर गच्चीच्या कठड्याला पांढऱ्याशुभ्र गारगोटीच्या तुकड्यांची नक्षी. खिडक्यांची झडपं निळी-हिरवी. तळमजल्यावर पूर्वी जनावरं आणि धान्य असायचं, त्यावर बैठक, त्यावर घरच्यांच्या खोल्या, सगळ्यात वर चूल. जिना अरुंद आहे, डोकं सांभाळा. तुळया वरच्या डोंगरातल्या अरार नावाच्या झाडाच्या, अजून हात लावला की वास येतो. खाली खिडक्या लहान आणि वर मोठ्या. सालिम म्हणाला, खाली शत्रू येतो आणि वर वारा येतो, म्हणून.

बैठकीच्या खोलीत गेलो आणि मी दारातच थांबलो. भिंतींवर कमरेच्या उंचीपर्यंत लाल, पिवळे, हिरवे, काळे पट्टे, त्यांत त्रिकोण, चौकटी, बारीक रेघा. हे रंगकाम फक्त बायका करतात. घर उभं पुरुषांनी करायचं आणि आतून ते कोणाचं आहे हे बायकांनी भिंतीवर काढायचं. ही भिंत सालिमच्या आजीने काढलेली होती आणि उडालेला रंग त्याच्या आईने नव्याने भरला होता. आई स्वतः कोपऱ्यात बसल्या होत्या. डोक्याला पिवळा रुमाल, कानाशी हिरवी डहाळी. मी लांबूनच मान खाली घालून सलाम केला. मुश्ताक मात्र सरळ मावशी करून अरबीत म्हणाला, “खाला, हे तुम्ही काढलंत? हात दाखवा बघू,” आणि त्या हसत सुटल्या.

मी सगळं लक्ष देऊन बघत होतो. सालिम माझ्याएवढाच. त्याच्या आजोबांनी रचलेला दगड जागचा हललेला नाही, आजीची रेघ अजून दिसते, आणि आई त्या रेघेवर रंग भरतेय. एका माणसाला किती मिळावं? मी तोंडाने “छान, फार छान” म्हणत होतो. मुश्ताक प्रत्येक वस्तूला “माशाअल्ला” म्हणत होता. इथे दुसऱ्याच्या चांगल्या गोष्टीकडे बघताना तो शब्द म्हणायचाच असतो, नाहीतर नजर लागते असं मानतात. मला हे माहीत होतं. वाटेत मीच मुश्ताकला सांगितलं होतं. तरीही तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

जेवायला अरीका होतं. गरम गव्हाचा मऊ लगदा, मध्ये खळगा करून त्यात तूप आणि मध. गेलात तर हे चुकवू नका, पण भूक ठेवून जा. मी आपल्या पद्धतीने आधी “नको, नको” म्हटलं. सालिमने वाढलं. पुन्हा “नको” म्हटलं, त्याने आणखी वाढलं. मला बरं वाटलं. म्हटलं, इथलीही रीत आपल्यासारखीच आहे. पाहुण्याने नको म्हणायचं, यजमानाने आग्रह करायचा, मग पाहुण्याने घ्यायचं.

गहवा आला. छोट्या कपात वेलची घातलेली फिकट कॉफी. सालिमने माझ्याकडे वळून मोडक्या इंग्रजीत विचारलं, “तुला घर आवडतं. माझ्याबरोबर काम करशील? इथे राहशील?”

हा प्रश्न ऐकायला मी चौदाशे किलोमीटर आलो होतो. माझे कान गरम झाले. छातीवर हात ठेवून मी नको-नको करत म्हणालो, “ला, ला, शुक्रन. मी कसला, मला काय येतं...”

डोक्यात सगळं जुळवून ठेवलेलं होतं. तो दुसऱ्यांदा विचारेल तेव्हा मी थोडा विचार केल्यासारखं करीन. तिसऱ्यांदा हो म्हणीन.

“काही हरकत नाही,” सालिम म्हणाला आणि मुश्ताककडे वळला. “तू?”

मुश्ताकने बोटाला लागलेला मध चाटला. “मी? यल्ला. का नाही?”

एवढंच. दोघांनी हात मिळवले. त्याचाही करार संपत होता. कफालत, म्हणजे कागदोपत्रीचा मालक, कसा बदलायचा त्याचं बोलणं तिथेच सुरू झालं. खाला मुश्ताकला आणखी अरीका वाढत होत्या आणि तो एकदाही नको म्हणत नव्हता. मी माझा कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला, कागदी रुमालाने आतून पुसला आणि ट्रेमध्ये सरळ ठेवला. हातांना काहीतरी काम हवं होतं.

दुसरी सकाळ

सकाळी मुश्ताक उठला नाही. अंगात ताप, पोटात कळा, तोंड पांढरं. आदल्या दिवशीचं तूप आणि घाटाची वळणं, असं मी सालिमला सांगितलं. माझ्याकडच्या गोळ्या दिल्या, त्याला मिठाचं पाणी पाजलं. खाला दारात उभं राहून त्याच्याकडे बघत होत्या. त्यांनी एकच शब्द उच्चारला, “ऐन.” म्हणजे डोळा. नजर.

आमच्याकडेही दृष्ट लागते. पण आई मीठ-मोहऱ्या घेऊन ओवाळते, आल्यागेल्याची म्हणते आणि चुलीत टाकते. कोणाची लागली हे कोणी विचारत नाही, म्हणून सगळे सुटतात. इथली पद्धत वेगळी आहे. ज्याची लागली असेल त्याच्याकडूनच काहीतरी घ्यावं लागतं: त्याने प्यायलेल्या कपातला गाळ, त्याच्या हातातोंडाचं पाणी. ते आजाऱ्यावर शिंपडलं की उतरते. कोणाची लागली ते माहीत नसेल, तर जे जे जवळ होते त्या सगळ्यांचं घेतात, म्हणजे कोणा एकावर आळ येत नाही. हे मला सालिमने समजावून सांगितलं. सांगताना तो अवघडला होता. “आईचं मन राहण्यासाठी,” म्हणाला. “मनावर घेऊ नकोस. माझाही कप घेतेय.”

आदल्या दिवशीचा ट्रे तसाच होता. खालांनी स्वतःच्या कपात पाणी घालून हलवलं आणि वाडग्यात ओतलं. मग सालिमचा कप. मग त्यांनी माझा उचलला. तो आरशासारखा स्वच्छ होता. त्यांनी तो आतून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. नुसतं बघितलं आणि कप परत ठेवला.

मुश्ताक डोळे मिटून कण्हत होता. मी सुटलो होतो. कपात काहीच नव्हतं. त्यांनी काही मागितलं नव्हतं आणि सालिम तर विषय संपवायला बघत होता. पण रात्रभर माझ्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं. याचा पाय मोडावा असं मी म्हटलं नव्हतं. पण याचं हे होऊ नये, असं नक्की म्हटलं होतं. नजर असते की नसते हे मी सांगू शकत नाही. मी तेवढा शिकलेला नाही आणि तेवढा अडाणीही नाही. पण माझा मित्र तिथे पडला होता आणि समजा असलीच, तर ती माझीच होती.

“मी धुतो,” मी सालिमला म्हणालो. “हात, तोंड, सगळं. ते पाणी घ्या.”

खालांनी परात माझ्यासमोर धरली. मी कोपरांपर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, चूळ भरून तीही त्यात टाकली. पाणी त्यात पडत होतं तेव्हा मुश्ताकने डोळे उघडले. तो माझ्याकडे बघत होता. खालांनी ते पाणी त्याच्या डोक्यावर, पाठीवर, पोटावर शिंपडलं.

“दिन्या,” तो बारीक आवाजात म्हणाला, “तुझा उष्टा पाणी? अरे, डेटॉल तरी घालायचा त्यात.”

दुपारपर्यंत त्याचा ताप उतरला. गोळ्यांनी उतरला असेल. मी खात्रीने काही सांगत नाही.

परतताना

घाट चढून वर आलो. अबहा मागे पडल्यावर त्याने विचारलं, “तुला पायजे होती ना ती नोकरी?”

मी पाण्याची बाटली उघडून त्याच्यापुढे धरली.

“दिन्या, कोणी मागितला नसताना परातीत तोंड घातलंस. मी काय येडा हाय?”

“हो,” मी म्हणालो. “हवी होती. वर्षभरापासून हवी होती.”

“मग ला-ला काय करत होतास?”

“वाटलं, तो परत विचारेल.”

तो एवढा हसला की त्याला गाडी कडेला घ्यावी लागली. “अरे मेल्या, तो काय तुझी आत्या हाय, आणखी एक पोळी घे म्हणायला?” मग डोळे पुसून तो गंभीर झाला. “सांग. आत्ता सालिमला फोन करून सांगतो की माझ्या जागी हा येईल.”

माझ्या तोंडात “नको, नको, तूच जा” आलं होतं. ते मी गिळलं. “कर फोन,” म्हणालो.

त्याने माझ्यादेखत फोन केला, अरबीत, मोठ्या आवाजात, आणि माझी इतकी तारीफ केली की मला लाज वाटली. सालिम म्हणाला, आईला विचारून सांगतो. सुलय्यिलच्या पंपावर त्याचा फोन आला. मुश्ताक ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत होता.

“काय म्हणाला?”

“खाला म्हणते, तू पाणी दिलंस ते सगळे देत नाहीत. घर तुझं हाय, कधी पण ये.” त्याने फोन खिशात टाकला. “पावणा म्हणून ये, म्हणते.”

मी उतरून चाकांची हवा तपासली. हवा बरोबर होती.

आता

मुश्ताक तिकडे गेला त्याला काही महिने झाले. मी इथला करार वाढवून घेतला. त्याच्या पलंगावर आता एक बिहारी मुलगा झोपतो, तोही पडल्या पडल्या घोरतो. प्रवासाचा खर्च, गाडी आपली असेल तर, दोघांत विमानापेक्षा कमी येतो. थंडीत गेलात तर स्वेटर न्या. घाट धुक्यामुळे बंद असू शकतो, निघण्याआधी विचारा. तिथे कोणी काही विचारलं आणि तुम्हाला ते हवं असेल, तर पहिल्याच वेळी हो म्हणा.

मला अजून हेवा वाटतो. सालिमचा, त्या भिंतीचा आणि सगळ्यात जास्त मुश्ताकचा. तो गच्चीवरून धुक्याचे फोटो पाठवतो. मी ते लगेच बघतो आणि उत्तर उशिरा देतो.

मागच्या आठवड्यात मी गेटवरच्या केबिनमध्ये असताना त्याचा फोन आला. पुण्याहून आलेलं एक कुटुंब घर बघत होतं. “दिन्या, लवकर सांग, खिडकीला हे पांढरे दगड कशाला लावलेत? माझ्या ध्यानातून गेलं.” मी सांगितलं: गारगोटी आहे, ओढ्या-वाहळातून वेचून आणलेली, शोभेसाठी लावायची. आणि खाला म्हणतात की धुक्यातून परत येणाऱ्याला आपलं घर लांबून ओळखू यावं म्हणून.

“बरोबर,” तो म्हणाला आणि फोन चालू ठेवूनच त्या लोकांकडे वळला. “बघा काका, पूर्वी काय व्हायचं, धुकं पडलं की माणूस चुकून शेजाऱ्याच्या घरात शिरायचा. शेजारीण चांगली असली की दोनदा शिरायचा. मग बायकांनी ठरवलं, खिडकीला पांढरे दगड लावायचे...”

सगळे हसले. एक लहान मुलगी पुन्हा पुन्हा “मग? मग?” विचारत होती. मागे कुठेतरी खालाही हसत होत्या. मराठीतलं त्यांना काय कळलं असेल, देव जाणे.

गेटवर कामगारांची बस येऊन उभी होती. मी सांगितलं असतं तर बरोबर सांगितलं असतं, एक शब्द चुकला नसता. पण कोणी ‘मग?’ म्हणालं नसतं. बसवाल्याने हॉर्न दिला. मी त्याला थांबायची खूण केली आणि फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो.